दोन तोट्यांचा बंब

"वैजू, परसात काय जळायलंय बघ गं!"

मामंजींची हाक आली तेव्हा मी मागच्या सोप्यात एका बाजूला घोंगडीवर बसले होते. माझी अडचण होती. त्या काळी आमच्याकडे अडचणीतल्या बाईने पाण्याला हात लावायचा नसे, म्हणून मी दारापर्यंतच गेले आणि तिथूनच मान लांब करून बघितलं. परसाच्या भिंतीत बसवलेला आमचा तांब्याचा बंब काळानिळा पडला होता. आमच्या बाजूची तोटी निखळून खाली पडली होती, तिच्याशेजारी वितळलेल्या कथलाचे थेंब होते, आणि बंबाच्या पोटात लाकडं ढणाढणा जळत होती.

मामंजी जवळ गेले. वाकून बघितलं. मग त्यांनी बंबालाच विचारलं, "पाणी कुठाय रे तुझ्यात?"

भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज आला. तेही बंबाशीच बोलत होते. "पाळी देणाऱ्यानं भरून द्यायचा असतोय. रीत हाय ती."

"पेटवणाऱ्यानं आधी आत बघायचं असतंय," मामंजी म्हणाले. "त्याला रीत लागत न्हाई. अक्कल लागती."

"अक्कल वाटणीत थोरल्याकडं गेली."

मामंजी म्हणजे माझे सासरे दौलतराव, आणि तात्या म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ मारुतराव. दोघांची घरं एकमेकांना चिकटून, मध्ये छातीएवढी भिंत. पण दोघे भाऊ असे वावरायचे की जणू ती भिंत आभाळाला टेकलेली आहे. वाटणी झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, ते एकमेकांशी बोलले नव्हते. बोलायचंच झालं तर कुत्र्याला सांगायचे, म्हशीला सांगायचे, आणि मी सून म्हणून आल्यावर मला सांगायचे. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही नीट सांगता यायचं नाही. बांधावरच्या एका जांभळीपासून ते सुरू झालं होतं, आणि जांभळीला बिचारीला धड जांभळंही येत नसत.

मी सांगलीची. लग्न होऊन त्या वैशाखात गडहिंग्लजकडच्या या गावात आले, तेव्हा घरात सगळ्यात आधी नजरेत भरला तो हा बंब. ज्यांनी बंब बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. वर मडक्यासारखा घेर, मधून विस्तवाची नळी, नळीच्या भोवती पाणी. एकीकडून गार पाणी ओतायचं, की दुसरीकडच्या तोटीतून तेवढंच कडत पाणी बाहेर येतं. ओतल्याशिवाय तो थेंब देत नाही. एक तांब्या द्या, एक तांब्या घ्या, असा त्याचा रोखठोक व्यवहार.

आमच्या बंबाला तोट्या मात्र दोन होत्या. वाटणीत शेतं वाटली गेली, बैल वाटले गेले, देव्हाऱ्यातले टाकसुद्धा वाटले गेले. बंब तेवढा वाटता आला नाही. म्हणून पंचांनी भिंतीत जागा सोडून तो तिथे बसवला, पलीकडच्या बाजूला नवी तोटी लावून घेतली, आणि पाळ्या ठरवून दिल्या. शुद्ध पक्षात आम्ही पेटवायचा, वद्य पक्षात त्यांनी. पुनवेला आणि अवसेला पाळी बदलायची, आणि पाळी देणाऱ्याने बंब रिकामा करून, घासून, परत काठोकाठ भरून द्यायचा.

नऊ वर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण ते बायकांच्या हातात होतं. त्या कोजागरीला माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आणि पलीकडच्या काकी, दोघीही बारशाला माहेरी गेल्या होत्या. दोघींचं माहेर एकच, कारण दोघी सख्ख्या बहिणी. थोरली थोरल्याला दिली, धाकटी धाकट्याला, एकाच मांडवात. पण गेल्या त्या वेगवेगळ्या एस.टी.ने. आत्याबाई सकाळच्या, काकी दुपारच्या. नवऱ्यांचं वाकडं म्हटल्यावर बहिणींचंही वाकडं, असं सगळं गाव धरून चाललं होतं आणि मीही तसंच धरलं होतं. वाटणीच्या संध्याकाळी मामंजींनी आत्याबाईंना शपथ घातली होती, "त्या घराचा उंबरा ओलांडलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." पलीकडे तात्यांनीही काकींना शब्दाला शब्द तीच शपथ घातली. त्या दिवशी भावाभावांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

तर, बायका नसलेल्या त्या रात्री मामंजींनी बंब रिकामा केला आणि चांदण्यात दूध पिऊन विचार केला, उद्यापासून पाळी त्यांची, भरतील त्यांचे ते. आणि तात्यांनी पहाटे विचार केला, पाळी देणाऱ्याने भरलाच असेल. एकाने भिंतीवरून नुसतं "भरलाय काय रे?" असं विचारलं असतं, तर बंब वाचला असता.

संध्याकाळी आत्याबाई परत आल्या. पिशवी खाली न ठेवता तशाच परसात गेल्या. बंबाला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं आता दोन्ही पुरुषांची हजेरी घेतील, पण निखळलेली तोटी उचलून त्यांनी पदराने पुसली आणि कनवटीला ठेवतात तशी पदराच्या गाठीत बांधली.

जेवताना माझे यजमान जयसिंगराव म्हणाले, "अण्णा, जे झालं ते बरंच झालं. आता विजेचा गिझर घेऊ. बटण दाबलं की पाणी. लाकडं न्हाईत, धूर न्हाई."

"आणि बंब?" मामंजींनी विचारलं.

"मोडीत घालायचा. पलीकडं महादू पण तेच म्हणतोय. तांबं तोलायचं, निम्मं निम्मं करायचं. गवंड्याला बोलवून भिंतीतली जागा बुजवून टाकायची."

महादू म्हणजे तात्यांचा मुलगा. चुलत भावंडं एकमेकांशी बोलत, पण घरापासून लांब, चावडीपाशी.

मामंजींनी भाकरी मोडली. "झालं तर. एक तेवढं वाटायचं राह्यलं हुतं. मिटंल एकदाचं."

मीसुद्धा मनातून खूश होते. खोटं कशाला बोलू? त्या धुराने माझे डोळे चुरचुरायचे, केसांना वास यायचा. सांगलीला आमच्या घरी नळ होता. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमचंही पहाटे उठणं वाचेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "व्हय," म्हणाल्या. "वाचंल." आणि अर्ध्या भाकरीवर हात धुऊन उठल्या.

त्या रात्रीपासून बाईचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. दिवाळी तोंडावर, आणि ज्या बाईच्या हातची चकली खायला चार घरची माणसं निमित्त काढून यायची, ती तांदळाच्या पिठात मीठ दोनदा घालत होती. मी मनाशी म्हटलं, जुन्या बायकांचा जुन्या वस्तूंवर जीव असतो, होईल चार दिवसांत ठीक. एक गोष्ट मात्र मला पूर्वीपासून कोड्यात टाकायची. वद्य पक्षात पाळी पलीकडची असली तरी आत्याबाई पहाटे उठून परसात जायच्याच. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सवय लागलीया." मला वाटलं जप करत असतील, कारण पुटपुटणं ऐकू यायचं.

तीन-चार दिवसांनी पहाटे मला जाग आली. पाणी आता चुलीवर तापवायचं होतं, म्हणून सरपण आणायला मी मागे गेले. बाहेर गारठा होता. थंडगार बंबाशेजारी आत्याबाई पाटावर बसल्या होत्या, अंगाभोवती घोंगडं, माझ्याकडे पाठ. आणि त्या बोलत होत्या.

"मग पोरीला बघून गेलं का न्हाई त्ये?"

"गेलं की," भिंतीपलीकडून काकींचा आवाज आला. "पोरगा बरा हाय. आईचं नाक तेवढं लई वर."

"नाकाचं काय घेऊन बसलीस हौसे? आपल्या सासूचं नाक इसरलीस?"

आणि दोघी हसल्या. तोंडात पदर कोंबून, खांदे हलवत. सासूचा धाक असलेल्या वयात त्या अशाच हसत असतील. मी सरपणाला हात न लावता तिथेच उभी राहिले.

हसू ओसरल्यावर काकी म्हणाल्या, "आक्का, गिझर आल्यावर गं?"

"मग काय. वरसातनं एकदा माहेर हाय की."

"माहेरात धा माणसं असत्यात. तिथं काय बोलणार? भाजी चांगली झालीया, एवढंच."

आत्याबाई बंबावर हात ठेवून बसून राहिल्या. माझ्या पायाखाली काटकी मोडली तेव्हा त्यांनी मान वळवली. दचकल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"वैजू? ये. बस हितं. हौसे, आमची सून हाय."

"बस गं बाय," काकी म्हणाल्या. भिंतीवरून हिरव्या बांगड्यांचा हात आला आणि माझ्या ओंजळीत मूठभर भाजके शेंगदाणे पडले. अजून गरम होते.

मी म्हटलं, "आत्याबाई, पण शपथ?"

"शप्पत उंबऱ्याची हाय," त्या म्हणाल्या. "उंबरा मी ओलांडलेला न्हाई, हिनंबी न्हाई. बंबाला कुठला आलाय उंबरा?"

आमच्या त्या भागात बायकाही पुरुषांसारखं 'मी आलो, मी गेलो' असं बोलतात. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. त्या पहाटे नाही आलं.

"वाटणीत पंच बंब आमालाच देत हुतं," आत्याबाई सांगू लागल्या. "आणि हिला मोठं घंगाळ. मग मी चुलीपुढं बसून रडाय सुरू केलो. म्हटलो, ह्यो बंब माझ्या सासूचा. दोनी ल्योकांना तिनं ह्येच्या पाण्यानं न्हाऊ घातलंय. एकाला दिलासा तर तिचा आत्मा घरात फिरंल. पंच भ्यालं. दोन तोट्या लावा म्हणून मीच सुचवलो."

"सासूबाई तसं खरंच म्हणाल्या होत्या?"

पलीकडून काकी फिसकन हसल्या. "कशाची म्हंती? ती म्हणायची, बंब इका आणि मला नथ करा."

माझ्याने हसू आवरेना. माझी सासू म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली, खाली मान घालून भाकऱ्या थापणारी बाई, असं मी सहा महिने समजत होते. ह्या बाईने नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता, पंचांना दुखावलं नव्हतं, गावात कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि नऊ वर्षं एक दिवस न चुकता आपल्या बहिणीशी बोलत होती. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण तोंडात शेंगदाणे होते.

"मग आता काय करणार आत्याबाई?"

"काय करणार? अडाणी बायका आमी," त्या म्हणाल्या. "हौसे, दादू तांबट तोलाय कधी येणार म्हणालाय?"

"वसूबारसेला."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या, आणि पाट उचलून आत गेल्या.

वसूबारसेच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाईंनी वाती वळता वळता सहज विषय काढला. "दादू परवा तांबं घेऊन जाणार म्हणा की. धनतेरशीला."

"जाऊ दे की," मामंजी म्हणाले.

"जाऊ दे, जाऊ दे. धनतेरशीला लोक तांब्यापितळेचं भांडं घरात आणत्यात. आपण बाहीर काढूया. लक्ष्मीला म्हणायचं, बाई, तू पलीकडं जा."

मामंजींचा हात मिशीवर थांबला. नेमकं त्याच वेळी भिंतीपलीकडून काकींचा आवाज चढला. "... लक्ष्मीला म्हणायचं, बाई, तू पलीकडं जा!" अक्षर ना अक्षर तेच. मी मान खाली घालून वाती मोजत बसले.

लक्ष्मी पलीकडे जाणं दोघांनाही परवडण्यासारखं नव्हतं. मोड भाऊबीजेनंतर घालायची असं ठरलं. मग आत्याबाई म्हणाल्या, "आणि पहिल्या आंघोळीचं काय? चुलीवर तर त्या दिशी पहाटेपासनं करंज्यांची कढई असती." तेव्हा मामंजी वैतागून म्हणाले, "त्या दादूला सांग, चार दिवस टिकंल असं कायतरी ठिगळ लाव म्हणावं. आता माझं डोस्कं खाऊ नगंस."

दादू तांबट आला. मामंजी शेतावर होते, तात्या बाजारात. आत्याबाई आणि काकी आपापल्या बाजूला उभ्या राहून त्याला काहीतरी समजावत होत्या. एकमेकींकडे न बघता, दोन परक्या बायकांसारख्या. त्याने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं, डोकं खाजवलं, आणि कामाला लागला. जाताना म्हणाला, "मला काय, तुमी सांगितलासा तसं केलोय. अण्णा वरडलं तर माझं नाव घेऊ नका."

धनतेरशीला दोन्ही बाजूंनी बंब चिंचेने घासला. काळेपणा गेला, तांबं लालबुंद झालं. चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली, आणि काठोकाठ भरून ठेवला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंधारातच काकींनी बंब पेटवला. मी मामंजींसमोर रांगोळी काढून पाट मांडला. आत्याबाईंनी त्यांच्या अंगाला तेल चोळलं, उटणं लावलं. म्हातारा कुडकुडत होता. पलीकडे तात्यांचीही तीच गत असणार, कारण त्यांचं हुंहुं ऐकू येत होतं. गावात कुठेतरी पहिला फटाका वाजला. म्हणजे कुणाची तरी आंघोळ झाली.

"पाणी काढा लवकर," मामंजी म्हणाले. "उजाडायच्या आत व्हाय पायजे. नरकात जायची हौस न्हाई मला."

"घ्या की," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी तोटीसाठी हात पुढे केला. तोटी नव्हती. तोटीच्या जागी दादूने एक वर तोंड केलेलं नरसाळं बसवलं होतं. बंबाचं डोक्यावरचं पाणी ओतायचं तोंड पत्र्याने बंद करून टाकलं होतं.

"हे काय? तोटी कुठं गेली?"

"आपल्या बाजूचा पत्रा जळलाय न्हवं? तिथं तोटी धरंना म्हणाला दादू. म्हणून ओतायचं तोंड हिकडं केलंय, आणि तोटी तिकडं ठेवलीया."

"म्हणजे आमी हिकडनं ओतायचं आणि पाणी तिकडं पडणार?"

"चार दिसांसाठीच की हो. मोडायचाच हाय."

"कुठल्या गाढवानं..." मामंजी बोलू लागले, आणि तेवढ्यात पलीकडून तात्या ओरडले, "हौसा! तोटीला पाणी न्हाई गं!"

"पलीकडनं वतल्याबिगर कसं येईल?" काकी शांतपणे म्हणाल्या.

"मग सांग की त्येंला वताय!"

"मी? त्या घराशी मी कशी बोलू? तुमीच शप्पत घातलाय न्हवं?"

आता तात्यांना भिंतीवरून हात लांब करून आमच्या बाजूच्या नरसाळ्यात पाणी ओतता आलं असतं. पण ते म्हणजे थोरल्याच्या घरात हात घालणं. त्यापेक्षा त्यांना नरक बरा वाटला असता. शिवाय थोरल्याच्या आधी धाकट्याने पहिली आंघोळ करायची नाही, ही त्या घरातली रीत नऊ वर्षांतही कुणी मोडलेली नव्हती. गावात आणखी दोन फटाके वाजले.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. "वैजू, सांग त्येंला, मी वततोय, बादली लाव म्हणावं."

मी सहा महिने निरोप पोचवत आले होते. त्या वेळी मला काय सुचलं देव जाणे. शेजारी तांब्या होता. मी तो उचलला आणि गालफडं फुगेपर्यंत तोंडात पाणी भरलं.

"वैजू!"

मी तोंडाकडे बोट दाखवलं. चूळ भरते आहे. आत्याबाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि झटकन तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मामंजी उठले. उघड्या अंगाने, पिवळ्याधमक उटण्याने माखलेले. कळशी उचलून त्यांनी रागारागाने नरसाळ्यात ओतली. पलीकडे तोटीतून पाणी पडल्याचा आवाज आला, आणि तात्यांचा, "अरे अरे, बादली, बादली आण!"

मामंजी ओततच राहिले. एक कळशी, दुसरी. बादली भरत आल्यावर आवाज बदलला तसे ते थांबले. बंबात लाकूड तडतडलं.

"भरली का?" मामंजींनी विचारलं. बंबाला नाही. भिंतीवरून, सरळ.

पलीकडे बादलीची कडी वाजली. मग तात्या म्हणाले, "भरली."

"मग बघत काय बसलाईस? आण हिकडं. थोरला कोण हाय?"

"तूच की. ते कधी इसरू दिलाईस?"

भिंतीवर बादली आली. वाफ निघत होती. एका बाजूला तेलकट दोन हात, दुसऱ्या बाजूला तेलकट दोन हात. मामंजींनी बादली धरली, पण तात्यांनी सोडली नाही.

"दादा," ते म्हणाले, "लई कडत हाय. इसण घालून घे."

मामंजींनी नुसती मान हलवली. बादली घेऊन ते पाटावर बसले. आत्याबाईंनी विसणाचं गार पाणी घातलं, पाणी हाताने ढवळून बघितलं, तरी मामंजी तांब्या उचलेनात. मांडीवर हात ठेवून तसेच बसले होते. शेवटी आत्याबाईंनीच पहिला तांब्या त्यांच्या डोक्यावर ओतला. त्यामुळे चेहऱ्यावरचं पाणी कुठलं आणि कुठलं नव्हे, ते कुणाला कळलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "वैजू, चूळ थुक आता."

भाऊबीज झाल्यावर दादू तांबट तराजू आणि हातोडा घेऊन दारात उभा राहिला. मामंजी पान लावत बसले होते.

"कशाला आलाईस?"

"बंब मोडाय. तुमीच म्हणालासा."

"चालू बंब कोण मोडतंय रे?"

दादूने परसाकडे बघितलं, मग मामंजींकडे. "मग अण्णा, तुमच्या बाजूलाबी तोटी बसवून देऊ काय? पक्की?"

मामंजींनी पान तोंडात टाकलं, सावकाश चावलं. पलीकडून तात्यांचा आवाज आला, "नगं म्हणावं! त्यो पुन्ना बसवणार आणि पुन्ना गळणार!"

"ऐकलास न्हवं?" मामंजी म्हणाले. "जा."

गिझर म्हणाल तर दोन वर्षांनी आलाच. आमच्याकडे आणि तिकडेही. काळाला कोण थोपवणार? पण सकाळी बंब पेटायचा तो पेटायचाच, आणि दोघे भाऊ आंघोळ बंबाच्याच पाण्याने करायचे. एक ओतायचा, एक बादली लावायचा. बोलणं फार नव्हे. गुळाचा भाव, पाऊसपाणी, आणि एकमेकांना चार शिव्या. बायकांना घातलेली शपथ मात्र दोघांपैकी कुणी परत घेतली नाही. तोंडातून गेलेला शब्द गिळायचा कसा, ते त्या पिढीच्या पुरुषांना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आत्याबाईंनी ती कधी परत घ्या म्हणून सांगितलंही नाही.

पुढे तात्या गेले आणि त्यानंतर वर्षभरात मामंजी गेले. शपथ घालणारेच गेले म्हटल्यावर शपथही गेली. दिवस झाल्यावर मीच आत्याबाईंना म्हटलं, "आता जाऊन या काकींकडे. पुढच्या दाराने."

त्या धुवट लुगडं नेसून गेल्या. मी दारात उभी राहून बघितलं. कित्येक वर्षांनी त्यांनी तो उंबरा ओलांडला, ओलांडताना वाकून त्याला हात लावला. तासाभराने परत आल्या. चेहरा पडलेला.

"काय झालं आत्याबाई? काय बोललात?"

"काय बोलणार? तिनं कपबशीतनं च्या दिला. कॉटवर बसवलं. मी म्हटलो, भाजी चांगली झालीया. समोरासमोर बसलं की तिच्या तोंडाकडं बघावं लागतंय गं. लई म्हातारी दिसाय लागलीया."

दुसऱ्या दिवशी पहाटे परसात पुन्हा पाट मांडल्याचा आवाज आला आणि मग कुजबुज. दोघी अगदी शेवटपर्यंत तिथेच बसल्या.

आता त्या दोघीही नाहीत. माझा मुलगा परवा म्हणत होता, आई, दोन्ही घरांवर सोलर आहे, तो बंब कशाला ठेवलायस? देऊन टाकू, भिंत सरळ करू. मी म्हटलं, बघू. त्याला काय सांगणार? पलीकडे महादूची बायको लीला असते. तिची आणि माझी पहिल्यापासून भांडणं, पाण्यावरून, कचऱ्यावरून, कशावरूनही. पण थंडीत पहाटे मी पाट घेऊन जाते, ती पलीकडे येते, आणि आम्ही चार लाकडं घालतो. आंघोळ आम्ही सोलरच्याच पाण्याने करतो. बंब पेटवतो तो बोलायला.